नवं मुख्यालय ३२ मजली असो, माझ्यासाठी ते दोनच मजल्यांचं हवं

पामबीच_पादचारी (नेरुळ)

ठाणे महापालिकेच्या नव्या मुख्यालयाचं भूमिपूजन ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते झालं. रेमंडच्या जागेवर, ३२ मजली, सुमारे ७०० कोटींचं काम. आमच्या नवी मुंबईचं मुख्यालय २०१४ पासून बेलापूरला, किल्ले गावठाणाजवळ, पामबीच रोडच्या टोकाला उभं आहे. ते पसरट, घुमटाचं, समोर २२५ फुटांचा ध्वजस्तंभ. एकाने उंची घेतली, दुसऱ्याने रुंदी. पण दोन्हींबद्दल लोक बोलतात ते एकच: दिसतं कसं! १५ ऑगस्टला आमच्याकडे रोषणाई बघायला पामबीचवर गाड्यांची रांग लागते. मीही फोटो काढलेत, खोटं कशाला बोलू.

आता माझी गोष्ट. मावशी वारली. तिच्या घराच्या मालमत्ता कराच्या नोंदीवर मावसभावाचं नाव लावायचं होतं. कुठल्या शहरातलं कार्यालय ते सांगत नाही, फरकही पडत नाही. अर्ज तळमजल्यावर मिळाला. तपासून घ्यायला तिसऱ्या मजल्यावर. तिथे कळलं की आधीची थकबाकी नसल्याचा शेरा दुसऱ्या मजल्यावरून आणायचा. शुल्क भरायचं तळमजल्यावर, पण मागच्या दाराने. झेरॉक्स रस्त्यापलीकडे, वडापावच्या गाडीशेजारी. मग पुन्हा तिसरा मजला, तेव्हा जेवणाची सुट्टी. असे तीन दिवस. मावसभावाचा गुडघा दुखरा, लिफ्टला रांग. माणसं वाईट वागली नाहीत, हे मुद्दाम सांगते. त्या बाई तर म्हणाल्या, "दादा, तुम्ही बसा, मी बघते." पण बसायला बाकडंच नव्हतं.

घरात ओटा बांधताना शेगडी एका खोलीत आणि मोरी दुसऱ्या खोलीत असं कोणी करत नाही. भाजी चिरायची, धुवायची, फोडणीला टाकायची, हा क्रम ठरलेला असतो, ओटा त्या क्रमाने बांधतात. सरकारी इमारत मात्र विभागांच्या क्रमाने बांधतात. कर विभागाला हा मजला, पाणीपुरवठ्याला तो, नगररचनेला तो. नागरिकाच्या कामाचा क्रम नकाशात कुठेच येत नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. मुख्यालय हवं तितकं उंच करा. नागरिकाला मात्र तळमजला आणि पहिला मजला याच्या वर चढावं लागता कामा नये. एक मोठं दालन, दारातच चौकशी, टोकन, बाकडी, प्यायचं पाणी, स्वच्छतागृह, झेरॉक्स, शुल्क भरायची खिडकी, सगळं एका नजरेत. कागद वर जाऊ देत, माणूस नको.

आणि जागा. मुंबई महापालिकेची इमारत १८९३ ची, बोरीबंदर स्टेशनच्या समोर. गाडीतून उतरा, रस्ता ओलांडा, पोचलात. आमच्याकडे बेलापूर किंवा सीवूड्सला उतरून रिक्षा शोधायची. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या गोऱ्या साहेबाला जे कळलं ते आपल्याला का कळू नये?

कचराळीकर (ठाणे)

ताई, मावशींबद्दल वाईट वाटलं. पण तुमच्या गोष्टीतून मी बरोबर उलटा निष्कर्ष काढतो. ते तीन दिवस गेले कारण विभाग विखुरलेले होते. एका छताखाली, एका उभ्या इमारतीत असते तर एका दिवसात काम झालं असतं.

ठाणे महापालिका १ ऑक्टोबर १९८२ ला झाली. पाचपाखाडीतलं मुख्यालय त्या काळाच्या शहराच्या मापाचं. २०११ च्या जनगणनेत ठाणे १८ लाखांवर गेलं होतं, तुमची नवी मुंबई ११ लाखांवर. आता तर विचारूच नका. मी रोज सकाळी मुख्यालयाशेजारच्या कचराळी तलावाला फेऱ्या मारतो, दहाच्या सुमाराला त्या रस्त्यावर काय होतं ते बघतो. दुचाक्या फुटपाथवर, रिक्षा दुचाक्यांवर.

नवी मुंबई सिडकोने आखलेली. तुम्हाला पसरायला जागा होती म्हणून पसरलात. आमच्याकडे जमीन आहे कुठे? उंच जायचं नाही तर काय तलाव बुजवायचा? एकेकाळी ठाण्यात साठावर तलाव होते म्हणतात, आता पस्तीसच्या आसपास उरलेत. उंच गेलं की खाली मोकळी जमीन राहते, हे लक्षात घ्या.

आणि अंतराचं म्हणाल तर मेट्रो ४ वर 'महापालिका मार्ग' आणि 'कॅडबरी जंक्शन' अशी दोन स्थानकं आहेत. बोरीबंदर तुम्हाला लखलाभ.

टी_स्क्वेअर (वास्तुरचनाकार, कोपरी)

उंच की पसरट हे भांडण चुकीच्या जागी चाललंय. मजला आत किती खोल आहे, हे विचारा. खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दोन-अडीच पटीपर्यंतच दिवसाचा उजेड चांगला आत येतो. म्हणजे दोन्हीकडून खिडक्या धरल्या तर साधारण १५-१६ मीटर रुंदीपर्यंत बिनदिव्याचं काम चालतं. त्याहून जाड मजला केला की मधली माणसं दिवसभर ट्यूबलाइटखाली. मग इमारत चार मजली असो की चाळीस.

आपल्याकडचा दुसरा रोग म्हणजे काच. पश्चिमेकडे काचेची भिंत लावायची, मग ऊन येतं म्हणून पडदे लावायचे, मग अंधार होतो म्हणून दिवे लावायचे. चंडीगडच्या सचिवालयाला वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिएने बाहेरून काँक्रीटचे खोल पडदे दिले, तेही १९५० च्या दशकात. आपल्या कोकणातल्या घराला तर पडवी असतेच. छज्जा, पडवी, जाळी. पाऊस आत येत नाही, वारा येतो. हे आम्हाला कॉलेजात शिकवतात आणि निविदेत विसरायला लावतात.

आता उंचीबद्दल, कचराळीकर, तुमच्यासाठी एक हिशेब. समजा कार्यालय भरायच्या अर्ध्या तासात ३००० माणसांना वर जायचं आहे. आठ लिफ्ट, प्रत्येकी २० जणांची. पाटीवर २० लिहिलेलं असतं, मावतात १६, कारण डबा, दप्तर आणि पोट. एक फेरी अडीच मिनिटांची धरा. पाच मिनिटांत आठ लिफ्टच्या दोन-दोन फेऱ्या, म्हणजे २५६ माणसं. अर्ध्या तासात दीड हजार. उरलेली दीड हजार माणसं खाली उभी, त्यातच ताईंचे मावसभाऊ. यावर उपाय आहेत. खालच्या मजल्यांच्या लिफ्ट वेगळ्या, वरच्या वेगळ्या, नागरिकांच्या पूर्ण वेगळ्या. पण ते नकाशाच्या पहिल्या दिवशी ठरवावं लागतं. नंतर लिफ्टचा शाफ्ट घुसवता येत नाही.

आकडे समजुतीसाठी घेतलेत, ठाण्याच्या इमारतीचे नाहीत.

आवकजावक (निवृत्त, डोंबिवली, नोकरी ठाणे जिल्ह्यात)

३४ वर्षं सरकारी कागदात काढली, त्यातली बरीच आवक-जावक बारनिशीवर, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या कागदांच्या नोंदवहीवर. सगळ्यांचं वाचलं. टी_स्क्वेअर यांचं गणित पटलं. ताईंचं दालन मात्र पटलं नाही, आणि का ते नीट सांगतो.

नागरिकाला तळमजल्यावर थांबवायचं, कागद वर पाठवायचा, हे ऐकायला गोड आहे. पण अहो, कागदाला तोंड नसतं. माणूस वर आला की विचारतो, "साहेब, काय झालं?" साहेबाला उत्तर द्यावं लागतं. कागद एकटा वर आला की तो गठ्ठ्यात बसतो, वरून दुसरा कागद येतो, खालच्या खिडकीतली मुलगी म्हणते, "वर पाठवलंय." आठ दिवसांनी तेच, पंधरा दिवसांनीही तेच. तिला बिचारीला वर काय चाललंय ते माहीत नसतं. तुमच्या दालनात बाकडी छान असतील, पाणी थंड असेल, आणि साहेब ३१ मजले सुखी असतील.

जुन्या कचेऱ्यांत व्हरांडा होता. त्याला लागून खोल्या, दारं उघडी, दारावर अर्धी झडप. साहेब आहे की नाही ते झडपेखालून पायांवरून कळायचं. माणूस व्हरांड्यात उभा राहायचा, साहेबाला तो दिसायचा. ती लाज फार काम करून घ्यायची.

२०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आला, मुदती ठरल्या, अपील आलं. चांगलं झालं. पण अपील लिहिणारे किती? दारात येऊन उभे राहणारे जास्त.

पामबीच_पादचारी

काका, व्हरांड्याचं चित्र डोळ्यांसमोर आलं. पण त्या व्हरांड्यात दलालही उभा असायचाच ना? ओळखीचा माणूस थेट आत, आणि माझा मावसभाऊ दारात. टोकनला ओळख कळत नाही, म्हणून मला टोकन हवं.

आवकजावक

दलाल होता, नाकारत नाही. आता तो दालनाच्या बाहेर झेरॉक्सवाल्याकडे बसेल.

सीवूड्सकर

पुतण्या हाँगकाँगला असतो, त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा बघितलेलं सांगतो. टामार नावाच्या जागी, अगदी बंदराच्या काठावर, त्यांचं सरकारी मुख्यालय आहे, २०११ चं. कार्यालयांच्या दोन उभ्या इमारती वर जोडलेल्या, मधे मोकळं. लांबून थेट दाराची चौकट दिसते. कल्पनाच ती होती: दार सदा उघडं. त्या चौकटीखालून हिरवळ जाते ती थेट पाण्यापर्यंत, आणि लोक संध्याकाळी गवतावर पहुडलेले असतात. कार्यालय, विधानसभा आणि बाग एका आवारात. आपल्या पामबीचला खाडी एवढी जवळ असून हे जमलं नाही, याचं वाईट वाटलं.

मला वाटतं इमारतीपेक्षा आवार महत्त्वाचं. आत काम नसतानाही माणसाला तिथे जावंसं वाटलं पाहिजे.

टी_स्क्वेअर

सीवूड्सकर, पुढची गोष्ट पुतण्याने सांगितली नाही वाटतं. २०१४ साली त्याच आवारातल्या अंगणाला तीन मीटर उंच कुंपण घातलं आणि ये-जा बांधून टाकली. सप्टेंबरअखेर विद्यार्थी त्या कुंपणावरून आत उतरले, आणि ७९ दिवस चाललेल्या आंदोलनाची ठिणगी तिथेच पडली. दार उघडं ठेवायचं हे वास्तुरचनाकार काढून दाखवतो, ते उघडं ठेवणारा दुसराच असतो.

चंडीगडलाही तेच. सचिवालय २५४ मीटर लांब, समोर विधानसभा, पलीकडे उच्च न्यायालय, मधे भलंमोठं पटांगण. लोकांनी जमावं म्हणून केलेलं. ३१ ऑगस्ट १९९५ ला सचिवालयाच्या दाराशी स्फोट होऊन पंजाबचे मुख्यमंत्री बेअंतसिंग मारले गेले, आणि त्या पटांगणावर काटेरी तारा आल्या. २०१६ साली ते जागतिक वारसा झालं. उन्हाळ्यात तिथे उभं राहून बघा. सावलीला एक झाड नाही, वारसा पायाला चटके देतो.

गावठाणातला (बेलापूर)

पटांगणाचा विषय निघालाच आहे तर मी बोलतो. आम्ही इथले मूळचे, ९५ गावांपैकी एक. आमच्या शेतांवर आणि मिठागरांवर तुमचं शहर उभं आहे, हे प्रत्येक धाग्यात सांगावं लागतं, आजही सांगतो.

सरकारी इमारतीत आम्ही अर्ज घेऊन कमी गेलो, मोर्चा घेऊन जास्त. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के भूखंड मिळावा म्हणून गेलो, गावठाणातल्या घरांसाठी गेलो. २४ जून २०२१ ला नवी मुंबई विमानतळाला आमचे नेते दि. बा. पाटलांचं नाव हवं म्हणून सिडको भवनाला घेराव घालायला निघालो, तेव्हा बेलापूरचे रस्ते बंद केले होते. हजारो माणसं जून महिन्यात रस्त्यावर उभी. तेव्हा मनात आलं, एवढी मोठमोठी भवनं बांधली, कोकण भवन, सिडको भवन, महापालिकेचं भवन, पण भवनासमोर माणसाने उभं कुठे राहायचं याचा विचार कोणी केला? गाड्यांसाठी जागा आहे. कारंज्याला जागा असते. मोर्चाला नाही.

ताईंचं दालन एकट्या माणसासाठी आहे. एकट्या माणसाला टोकन मिळतं. आम्हाला एकट्याने जाऊन कधी काही मिळालं नाही.

कचराळीकर

भाऊ, तुमच्या लढ्याबद्दल आदर आहे. पण मोर्चासाठी जागा आखून दिली की तो मोर्चा राहतो का? आझाद मैदानात रोज पाच आंदोलनं बसलेली असतात, मंत्रालयात कोणाला ऐकू जातात?

गावठाणातला

आझाद मैदान मंत्रालयापासून लांब आहे म्हणूनच ऐकू जात नाही. मी तेच म्हणतोय.

कचराळीकर

बरं, हे मान्य. 😀

पण मूळ मुद्द्यावर या. शहराला एक ओळख लागते की नाही? बंगळुरूचं विधान सौध बघायला लोक बसने येतात. तुमच्या घुमटासमोर नवरा-नवरी फोटो काढतात. ठाण्याला काय आहे? गडकरी रंगायतन, मासुंदा तलाव आणि कोंडी. एखादी इमारत अशी असू दे की कळवा पुलावरून दिसली की पोराला सांगता येईल, ती आपली महापालिका.

चाकवाली (वाशी)

मी व्हीलचेअरवर आहे, म्हणून इमारत कळवा पुलावरून कशी दिसते हे मला कळत नाही. मला ती साडेतीन फुटांवरून दिसते.

सरकारी इमारतीला पायऱ्या हव्याच असतात, भव्य वाटतं म्हणून. जोतं चार फूट उंच घेतलं की उतरणीचा नियम एकास बारा, म्हणजे ४८ फूट लांब रॅम्प, शिवाय मधे सपाट थांबे. तेवढी जागा दर्शनी बाजूला द्यायची तर भव्यता बिघडते. मग रॅम्प जातो बाजूला, कॅन्टीनच्या मागे, जनरेटरशेजारी. २०१६ च्या कायद्याने आमचा हक्क मान्य केला, दार मात्र मागचंच राहिलं. एका कार्यालयात रॅम्पच्या तोंडाशी साखळी आणि कुलूप होतं, दुचाक्या चढवतात म्हणून. किल्ली असलेला शिपाई चहाला गेला होता. मी पावसात वीस मिनिटं.

जोतं का वर घ्यायचं? पुराचं पाणी हे कारण असेल तर पूर्ण आवारच उताराने वर न्या, सगळ्यांनी एकाच वाटेने यावं. आणि कृपा करून बाहेर चकचकीत ग्रॅनाइट नको. जुलैमध्ये त्यावर धडधाकट माणसंही आडवी होतात. खडबडीत कोटा पुरे.

ताईंच्या दोन मजल्यांना माझा पाठिंबा आहे. काका म्हणतात तसं साहेबाच्या दारात उभं राहायला मला आवडेल, पण मी त्या दारापर्यंत पोचणार कशी? तुमच्या झडपेच्या कचेऱ्यांत लिफ्ट नव्हती.

आवकजावक

बाई, हे मला सुचलं नव्हतं. माघार घेतो असं नाही, पण साहेबाला आठवड्यातून दोन दिवस खाली दालनात बसवा, असं म्हणतो. जिल्ह्याला महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तसं.

दिवा_स्लो

अडीचशे रुपयांच्या कामासाठी दिव्याहून ठाण्याला. आधी लोकलमध्ये शिरायचं, हे दिव्यात राहणाऱ्यालाच कळेल. मुंब्रा, कळवा, ठाणे. मग पश्चिमेला येऊन रिक्षाची रांग. मग पाचपाखाडी. अर्धी रजा गेली.

तुम्ही ३२ मजले की दोन मजले म्हणून भांडताय. मला मुख्यालयच नको. ठाण्यात नऊ प्रभाग समित्या आहेत, नवी मुंबईत आठ विभाग कार्यालयं. ७०० कोटींचे नऊ भाग करून बघा. प्रत्येकाच्या वाट्याला ७७ कोटी. दिव्याला ७७ कोटींचं कार्यालय! मुख्यालयात आयुक्त, महापौर, सभागृह आणि नकाशे ठेवा, पाच मजल्यांत मावेल.

कचराळीकर

आणि सही करणारा अधिकारी? नऊ ठिकाणी नऊ शहर अभियंते नेमणार का?

दिवा_स्लो

नेमा की. नाहीतर त्याला लोकलने पाठवा. स्लोने.

टी_स्क्वेअर

दिवा_स्लो यांचा मुद्दा नवी मुंबईच्या जन्मापासूनचा आहे. १९६० च्या दशकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता हे वास्तुरचनाकार आणि अभियंते शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे शहर मांडलं तेव्हा सरकारच तिकडे हलवायचं, हा त्या कल्पनेचा कणा होता. सरकार गेलं की कार्यालयं जातील, त्यामागे माणसं, आणि बेटावरचा भार कमी होईल. १९७० साली सिडको झाली, पण सचिवालय हललं नाही. समुद्रात भराव टाकून नरिमन पॉइंट वाढवलं. बेलापूरला आलं ते कोकण भवन. विभागीय आयुक्त आले, मंत्री राहिले तिकडेच. म्हणजे मुख्यालय कुठे ठेवायचं हा वास्तुरचनेच्या आधीचा प्रश्न आहे, आणि तो आम्हाला कोणी विचारत नाही.

एक गोष्ट मात्र विचारायला हवी, आग. मंत्रालयाला २१ जून २०१२ ला आग लागली ती चौथ्या मजल्यावर, आणि वरचे मजले तिने खाल्ले. ती इमारत फार उंच नाही. २४ मीटरच्या वर गेलं की आसऱ्याची जागा ठेवावी लागते, तिथे सुटका होईपर्यंत माणसं थांबतात. आपल्याकडे त्या जागेत काय असतं? मोडक्या खुर्च्या आणि जुन्या फाइलींचे गठ्ठे. ३२ मजल्यांवर कागद चढवणार असाल तर आधी अभिलेख कक्ष कुठे हे ठरवा. ताई म्हणतात "कागद वर जाऊ देत", मी म्हणतो कागद वर नकोच. स्कॅन करा, मूळ कागद खाली ठेवा, वेगळ्या भिंतीत.

आवकजावक

हे बरोबर. आमचे गठ्ठे जिन्याखाली असत. लाल कापडात. वाळवी आणि उंदीर नियमित हजर, मस्टरवर सही नाही एवढंच.

मंत्रालयाचं निघालं म्हणून आणखी एक. २०१८ साली मधल्या मोकळ्या जागेत पहिल्या मजल्याच्या पातळीवर जाळी बसवली, वरून माणसं उडी मारायला लागली म्हणून. मी तेव्हा कामासाठी गेलो होतो. खाली उभं राहून वर बघितलं तर माणसांऐवजी दोऱ्या दिसतात. ज्याने ती मोकळी जागा काढली असेल त्याच्या मनात उजेड असेल, वारा असेल. गावाकडून सात खेपा घालून आलेला माणूस तिथे काय घेऊन येईल हे त्याच्या नकाशात कसं असणार? इमारत दोन मजली असती तर तो उडी मारायला कुठे गेला असता, असं कोणी म्हणेल. पण मग त्याची फाइल कोणत्या मजल्यावर अडली होती, हे विचारायचं राहून जातं.

नियंत्रक

दोन प्रतिसाद काढले आहेत. पक्षांची नावं नकोत, इमारतीवर बोला.

सीवूड्सकर

मला एवढंच म्हणायचंय की बाग हवी. कुंपण घातलं त्यांनी ते चूक, बाग चूक नव्हती. आणि घुमटाला एवढं नावं ठेवू नका, संध्याकाळी खाडीकडून वारा येतो तेव्हा तिथे उभं राहायला बरं वाटतं.

पामबीच_पादचारी

सीवूड्सकर, वारा खाडीचा आहे, घुमटाचा नाही. 😀

दिवसभर वाचतेय. दिवा_स्लो, तुमचं पटतं, पण नऊ कार्यालयं नऊ प्रकारची वाईट झाली तर? एक दालन नीट आखा, मग त्याच मापाचं नऊ ठिकाणी बांधा. गावठाणातल्या भाऊंना उत्तर नाही माझ्याकडे. मी रांगेचा विचार केला, गर्दीचा केलाच नाही. कचराळीकर, तुमची इमारत कळवा पुलावरून दिसू दे, माझी हरकत नाही. फक्त तिच्या पायाशी चाकवालीला आणि मावसभावाला पुढच्या दाराने आत घ्या.

काका, एक विचारायचं राहिलं. दालन केलं तर खिडकी कशी असावी? तुम्ही आतल्या बाजूने बघितलंय.

आवकजावक

खिडकी नको. टेबल असू द्या, दोन्हीकडे खुर्ची, दोन्ही एकाच उंचीच्या.

आमच्याकडे काच होती. त्यात खाली अर्धगोल भोक, कागद सरकवायला, आणि बोलायलाही तेच. माणूस वाकायचा. मी आतून उंच स्टुलावर. इतकी वर्षं काम केलं, पण चेहरे आठवत नाहीत. कपाळं आठवतात. टिळा, कुंकू, घाम, कोणाचं भांगातलं तेल. एक म्हातारी बाई सारखी यायची निराधार योजनेच्या कागदासाठी, तिच्या कपाळावर गोंदण होतं. ती एकदा बाजारात समोर आली, नमस्कार केला, मला ओळखता येईना. मग ती वाकली, पिशवी खाली ठेवायला, तेव्हा ओळखली.

चाकवाली

ते भोक जमिनीपासून किती उंचीवर होतं, काका?

आवकजावक

साडेतीन फुटांवर असेल. तुम्ही आला असतात तर तुमचा चेहरा पूर्ण दिसला असता.